केसरबाईंच्या बैठकीतला आवाज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात एक काका आले, सोबत त्यांची सून. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची बहुतेक वर्षं कर्जत स्टेशनात, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात त्या कामात गेलेली. तक्रार मात्र सुनेची होती. निवृत्तीच्या पैशांतून काकांनी चांगला स्टिरिओ घेतला होता आणि रोज सकाळी तीन तास ते जुनं शास्त्रीय गाणं लावत. आवाज इतका की स्वयंपाकघरात फोन वाजलेला कळू नये. घरात दोन वर्षांची नात, ती स्पीकरसमोरच खेळणार. यावरून रोज वाद.

काकांचं म्हणणं सरळ होतं. ते केसरबाई केरकरांचे भक्त. एवढ्या मोठ्या गायिकेचं गाणं बारीक आवाजात ऐकायचं म्हणजे तिचा अपमान, असं त्यांना वाटे. मी त्यांना एवढंच विचारलं की केसरबाई खरोखरच तुमच्या ओसरीवर येऊन गायला बसल्या असत्या, तर आवाज किती झाला असता? काका विचारात पडले. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला केसरबाईंचं आयुष्यच पुन्हा वाचावंसं वाटलं. घरातल्या स्टिरिओचा आवाज किती ठेवावा, याचं उत्तर त्यात बरंचसं सापडतं.

केरी ते मुंबई

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. घराणं देवळातल्या गायनसेवेशी जोडलेल्या कलावंत समाजातलं, त्यामुळे सूर लहानपणापासून कानावर होता. आजच्या मुलांचे कान गाड्यांचे हॉर्न, टीव्ही आणि मिक्सर यांच्यात घडतात. केरीसारख्या गावात तेव्हा पाऊस, पाखरं, देवळातली घंटा आणि माणसांचे आवाज एवढंच होतं. अशा शांततेत बारीक फरक ऐकण्याची सवय कानाला आपोआप लागते.

आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण झालं, मग थोडा काळ भास्करबुवा बखले यांच्याकडे. प्रत्येक ठिकाणी थोडं शिकून होईपर्यंत काही ना काही कारणानं तालीम तुटे. एखादीनं एवढ्यावर समाधान मानून मैफिली सुरू केल्या असत्या. केसरबाईंनी तसं केलं नाही.

१९२१ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे प्रवर्तक कोल्हापूर दरबारचे गवई होते. इथे केसरबाईंनी जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली. आधीची सवय मोडायची, श्वास नव्यानं बांधायचा, मोकळा आकार लावायचा. दहा-अकरा वर्षं हे कठोर शिक्षण चाललं आणि त्यानंतरही, १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांचं निधन होईपर्यंत, त्या शिकत राहिल्या.

गळा परत येतो, कान नाही

अल्लादिया खाँसाहेबांच्या आयुष्यातली एक घटना डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. तरुणपणी एका संस्थानिकाच्या दरबारात त्यांना सतत, गरजेपेक्षा कितीतरी जास्त गावं लागलं. त्या ताणानं त्यांचा आवाज बसला. आधीचा गोड, फिरता गळा गेला. बऱ्याच काळानंतर आवाज आला, पण तो जाड आणि भारी होता. त्या नव्या गळ्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. आज ज्या जयपूर गायकीच्या पेचदार तानांवर आणि अखंड दमसासावर आपण खूश होतो, तिच्या मुळाशी एक आजारपण आहे.

अतिवापरानं स्वरतंतूंना सूज येते, कधी त्यांवर गाठी होतात. विश्रांती दिली, योग्य पद्धतीनं आवाज लावायला शिकलं, तर बहुतेक वेळा गळा पुन्हा उभा राहतो. स्वरतंतूंवरचा पापुद्रा नव्यानं तयार होऊ शकतो.

कानाचं तसं नाही. आपल्या प्रत्येक आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्यांवरचे सूक्ष्म केस हलतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाचा मारा झाला की या पेशी थकतात. थोडा मारा असेल तर रात्रभराच्या शांततेत सावरतात. मारा रोजचाच झाला तर मरतात. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. जन्मतः मिळालेल्या पुंजीवरच आयुष्य काढायचं असतं.

पहिला घाव बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांवर. त्यामुळे अशा माणसाला सुरुवातीला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. तबल्याचा बायाँ ऐकू येतो, ट्रकचा आवाज ऐकू येतो. अस्पष्ट होतात ते स, श, फ, थ यांसारखे उच्चार. माणसं काय बोलतात ते ऐकू येतं, पण कळत नाही. मग घरचे पुटपुटतात असा समज होतो आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो.

सुईवर ठरणारा आवाज

१९३०च्या सुमारास केसरबाई व्यावसायिक मैफिली करू लागल्या आणि पाहता पाहता देशातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांच्या संस्थेनं त्यांना सूरश्री ही पदवी दिली आणि ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

त्यांची घडण ध्वनिक्षेपकाच्या आधीची. दिवाणखान्यात पन्नास-शंभर माणसं, मागे दोन तंबोरे, बाजूला सारंगी आणि तबला, आणि मध्ये गायिका. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत सूर पोचवायचा तो फक्त श्वासाच्या बळावर. केसरबाईंचा आवाज भरदार होता आणि खालच्या सप्तकापासून वरच्या सप्तकापर्यंत तो बारीक होत नसे. पण भरदार म्हणजे कर्कश नव्हे.

आता हे आकड्यांत पाहू. आवाज मोजायचं एकक डेसिबल. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते पडलं. हे मोजमाप सरळ रेषेत वाढत नाही. १० डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. फक्त ३ डेसिबल वाढले तरी ऊर्जा दुप्पट होते, कानाला मात्र जेमतेम फरक जाणवतो. फसगत होते ती इथेच. बटण जरासं फिरवलं असं आपल्याला वाटतं, केसपेशींवरचा भार दुप्पट झालेला असतो.

एक मीटरवरून नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. तालीम झालेला गायक पूर्ण आवाजात गातो तेव्हा तेवढ्याच अंतरावर ८५ ते ९० पर्यंत जातो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं उतरतो, बंद खोलीत थोडा कमी उतरतो. म्हणजे तीन-चार मीटरवर बसलेल्या श्रोत्याला गाण्याची शिखरं ऐंशीच्या आसपास मिळतात आणि सगळ्या मैफिलीची सरासरी सत्तरीच्या घरात राहते. आलापीत तर तीही नाही. तंबोऱ्याचा झंकार, सुरांमधली शांतता, समेपूर्वीचा श्वास, हे सगळं त्या सरासरीत येतं. केसरबाई काकांच्या ओसरीवर गायल्या असत्या तर आवाज एवढाच झाला असता.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत केसरबाई अतिशय चोखंदळ होत्या. आपलं गाणं कसंही, कुठेही पोचावं हे त्यांना चालत नसे. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी ७८ फेऱ्यांच्या मोजक्याच तबकड्या दिल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. दोन तासांचा राग तेवढ्यात बसवायचा.

त्या काळच्या चावीच्या ग्रामोफोनला आवाजाचं बटणच नव्हतं. आवाज ठरायचा तो पोलादी सुईवर. बाजारात मृदू, मध्यम आणि मोठ्या आवाजाच्या वेगवेगळ्या सुया मिळत. जाड सुई लावली की आवाज मोठा, पण तबकडी लवकर झिजे. त्यामुळे आवाज वाढवण्याची किंमत रसिकाला डोळ्यांनी दिसत असे. लाडकी तबकडी खरखरायला लागली की तो आपोआप मऊ सुईकडे वळे. आज तबकडी झिजत नाही. झिजतो तो कान, आणि ती झीज दिसत नाही.

आवाज वाढवावासा का वाटतो?

यामागे केवळ हौस नाही, कानाचा एक गुणधर्मही आहे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली तो मोजून दाखवला. आवाज कमी असताना आपल्या कानाला मधल्या पट्टीतले सूर नीट ऐकू येतात, पण खर्ज आणि अतिउंच सूर त्यामानानं खूपच मंद वाटतात. म्हणून बारीक आवाजात लावलेलं गाणं पोकळ भासतं. बायाँ गायब होतो, तंबोऱ्याचा खर्ज हरवतो. बटण वाढवलं की गाणं एकदम भरल्यासारखं वाटतं. जुन्या स्टिरिओवर लाउडनेस नावाचं एक वेगळं बटण असे, ते यासाठीच. कमी आवाजातही खर्ज थोडा उचलून देण्याचं काम ते करी. तुमच्या संचावर असं बटण असेल किंवा खर्जाची पट्टी वेगळी वाढवता येत असेल, तर सगळा आवाज वाढवण्याऐवजी आधी ती वापरून पाहा.

दुसरं कारण आजूबाजूचा गोंगाट. आपल्या कर्जत-खालापूर भागात हे फार जाणवतं. मे महिन्याच्या रात्री पळसदरीच्या बाजूला कुठे घर असेल तर चाळीसच्या खालच्या शांततेत तंबोरा स्वच्छ ऐकू येतो. जुलैत त्याच घराच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की समोरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मग बटण वर जातं. पाऊस तासाभरानं थांबतो, बटण तिथेच राहतं. काकांच्या घरीही हेच झालं होतं. जूनपासून वाढत गेलेलं बटण खाली आलंच नव्हतं.

तिसरं कारण म्हणजे कानाला होणारी सवय. मोठ्या आवाजात अर्धा तास बसलं की तोच आवाज मंद वाटू लागतो. मग आणखी थोडा वाढवला जातो.

घरात आवाज किती ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अवघे अडीच. लहान मुलांसाठी ही सुरुवात ७५ पासून धरायची. काकांच्या खुर्चीपाशी मोबाइलच्या ॲपवर सुनेनं मोजलं तेव्हा आकडा नव्वदीच्या आसपास निघाला. मोबाइलचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. रोज तीन तास म्हणजे आठवड्याला २१ तास. मर्यादा ५ तासांची. आणि नात त्यांच्याहून स्पीकरच्या जवळ.

मी काकांना जे सांगितलं ते असं. घर शांत असताना आपल्या नेहमीच्या जागी बसा. तंबोरा स्पष्ट मुद्रित झालेली एखादी आलापी लावा. बटण शून्यावरून सावकाश वर न्या. मैफिलीतला सर्वांत नाजूक आवाज, म्हणजे तंबोऱ्याचा झंकार, आरामात ऐकू आला की तिथे थांबा. आता हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. आवाज चढवावा लागला तर बटण जास्त आहे. ॲपवर सरासरी ६५ ते ७५ च्या दरम्यान असावी, तानेच्या वेळी क्षणभर ८५ पर्यंत गेली तरी हरकत नाही. जागा सापडली की बटणापाशी रंगाचा ठिपका लावा. नंतर आवाज कमी वाटला तरी ठिपका ओलांडायचा नाही. पाऊस आला तर गाणं थांबवून पाऊस ऐका, नाहीतर स्पीकर जवळ ओढा, पण बटण वाढवू नका.

बटणावरचा आकडा मात्र कुणाचा कुणी घेऊ नये. माझ्या घरचा २० आणि तुमच्या घरचा २० यांचा काहीही संबंध नसतो. संच, स्पीकर, खोलीचा आकार, भिंती, सगळ्यावर ते अवलंबून. आवाज फाटायला लागला तर संच आपल्या ताकदीबाहेर ओढला जातोय हे समजावं. गाणं संपल्यावर कानात शीळ वाजली किंवा कापूस घातल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली. हे वारंवार होत असेल तर तपासणी करून घ्यावी.

घरातलं वयस्क माणूस टीव्हीचा किंवा गाण्याचा आवाज हळूहळू वाढवत चाललं असेल, तर त्यावरून भांडू नका. तो बहुधा हट्ट नसतो, लक्षण असतं. काकांची श्रवणचाचणी झाली तेव्हा आलेखात ४,००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खड्डा दिसला. इंजिनांच्या सान्निध्यात काढलेल्या वर्षांची ती खूण होती आणि स्टिरिओ त्यात भर घालत होता. त्यांना वाटे, जुन्या तबकड्या झिजल्यामुळे शब्द कळत नाहीत. शब्द तबकडीत होते, कानापर्यंत पोचत नव्हते. अशा वेळी सगळा आवाज वाढवून उपयोग होत नाही, उरलेल्या पेशींवर भार मात्र पडतो. नेमकी हरवलेली पट्टी उचलून देणारं श्रवणयंत्र हा त्यावरचा उपाय.

शेवटची मैफल

केसरबाईंना १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाचा राज्यगायिका हा बहुमान. पण जाहीर गाणं त्यांनी १९६३-६४च्या सुमारासच थांबवलं होतं, नाव शिखरावर असताना. मनाजोगतं होत नसेल तर लोकांसमोर बसायचं नाही, हा त्यांचा बाणा. शिष्याही फारशा केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी मनापासून शिकवलं.

१९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं दोन व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवरचं निवडक संगीत तिच्यावर कोरलेलं आहे आणि भारतातर्फे त्यात आहे केसरबाईंची भैरवी, जात कहाँ हो. अवघी साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई मुंबईत निवर्तल्या. ते यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. तबकडीसोबत सुई दिली आहे, ती किती वेगानं फिरवायची याची आकृतीही कोरली आहे. आवाज किती ठेवायचा ते तिथेही ऐकणाऱ्यावरच सोडलं आहे.

काका दिवाळीनंतर पुन्हा आले. कानामागे यंत्र होतं. बटणापाशी सुनेनं कुंकवाचा ठिपका लावला आहे म्हणाले आणि नात आता स्पीकरसमोर नाही, त्यांच्या मांडीवर बसून ऐकते. केसरबाईंच्या एका तबकडीत मागे वाजणारी सारंगी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकू आली होती.